मुकादमाला न विचारता

१ जानेवारी, बुधवार

खताच्या दुकानदारानं यंदाबी डायरी दिली. दरसाली मी हिच्यात तोडलेली फुलं आन सोडलेलं पाणी एवढंच लिवते. सातवीपातूर शिकले, तेवढ्याला पुरतं. यंदा पायल म्हणली, "आई, डब्याचं पण लिहा. काय कळलं नाही ते लिहा, माझ्या कामाला येईल." मी म्हणले, कळलं न्हाई ते लिवायला एक डायरी पुरायची न्हाई.

पायल माझी सून. तळेगावची, कॉम्प्युटर शिकलेली. माझ्या समर्थशी लगीन झालं, मंग पुण्याची कंपनी सोडून आमच्या गुलाबवाल्यांच्या गटाचं काम धरलं. हितं परंदवडीपासून पार आंदर मावळात अल्लाउद्दीनपातूर, ज्याच्या पॉलिहाऊसला डबा हाय त्याचं हीच बघती. डबा म्हंजी भितीवरचा कॉम्प्युटर. झाडांना पाणी सोडतो, खत सोडतो, वरून धुकं मारतो, बाजूचे पडदे खाली-वर करतो. आत एकेका कामाचं येगळं पाकीट.

आता भानगड अशी, का एक पाकीट नवं घातलं की दुसरंच बंद पडतं. दर डब्याची तऱ्हा न्यारी. पायलनं लय दिस हातानं निस्तरलं. आता ती एक असं पाकीट करतीये, जे बाकीची पाकिटं घालील, काढील, आन कुणाचं कुणावाचून अडतं ते ध्यानात ठिवील. इंग्रजी नाव लांबलचक सांगितलं. मी म्हणले, ह्यो तर मुकादम. गड्यांना कामाला लावतो, स्वतः खुरपं धरत न्हाई. तिला हसू आलं. नाव तेच ठिवलं.

४ जानेवारी, शनिवार

शेडात फुलं निवडत व्हतो. पायल म्हणली, "आई, समजा धुक्याचं पाकीट घालायचंय. त्याला काय लागेल?"

"पाणी."

"अहो, डब्यातलं विचारते."

"मला काय म्हाईत!"

"हवा किती गरम आहे ते त्याला कोणीतरी सांगायला हवं. म्हणजे आधी मीटर वाचणारं पाकीट. आणि मीटरवाल्याला वेळ कळायला हवी, म्हणजे त्याच्याही आधी घड्याळाचं."

"मंग घड्याळ, मंग मीटर, मंग धुकं. एवढ्याला मुकादम कशाला? कागदावर लिवून चिटकव डब्याला."

"पाकिटं वाढली की कागद चुकतो, आई."

शिकलेल्या माणसांना सरळ काम वाकडं केल्याबिगर करमत न्हाई. पण मला एक सुचलं. म्हणले, "आन समज, त्यो म्हणला मला ती पायजे, आन ती म्हणली मला आधी त्यो पायजे. मंग?"

हातातलं फूल तसंच ठिवून ती बघत बसली. "हे मी लिहिलंच नाही अजून."

मी तिला सांगितलं, माझ्या दोन जावा हुत्या. हिनं म्हणायचं, आधी तिनं हळदीकुंकवाला बोलवावं, तिनं म्हणायचं आधी हिनं. म्हाताऱ्या झाल्या, कोण कुणाकडं गेली न्हाई. "तशा टायमाला मुकादमानं दोघींची नावं घेऊन सांगावं, ह्या एकमेकींवर अडल्यात. आन गप उभं ऱ्हावं. उगा येड्यागत हेलपाटे घालू नये."

तिनं लगेच लिवून घेतलं. सांच्याला समर्थला म्हणली, "आईंनी आज माझं काम केलं." मी आपली भाकऱ्या थापत व्हते. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

११ जानेवारी, शनिवार

आज वाद. हवेचं आन पाण्यातल्या खताचंबी मीटर वाचणारं पाकीट पायलनं नवं केलंय. पण जुनंबी डब्यात ठिवणार म्हणती. का, तर धुक्याच्या नव्या पाकिटाला नवं मीटर लागतं, आन खताचं पाकीट फकस्त जुन्याचंच बोलणं समजतं. खतवालं बदलून हुईस्तोवर दोन्ही ठिवायची.

मी म्हणले, "एका कामाला दोन गडी? फापटपसारा नुसता."

"आई, तुम्ही बेंडिंग का करता? फूल न देणाऱ्या फांद्या वाकवून ठेवता, कापत तर नाही."

"त्यांची पानं झाडाला खाऊ घालतात म्हणून."

"मग? जुनं पाकीट खतवाल्याला खाऊ घालतंय."

"झाडाचं येगळं," मी म्हणले आन उठले. मला अशी दाखले देऊन बोललेलं आवडत न्हाई.

१९ जानेवारी, रविवार

पायल उद्या पुण्याला चालली, आठवडाभर. तिथल्या कॉलेजात शेतीच्या मशिनींचं काही शिकवत्यात, गट चालवणाऱ्या निलेशनं नाव घातलं. अल्लाउद्दीनच्या डब्यात धुक्याचं नवं पाकीट घालायचं ऱ्हायलंय. दुपारची हवा कोरडी झाली, त्याच्या कळ्या सुकायला लागल्या. त्याच्याकडं नेट न्हाई, रेंज न्हाई, पेनड्राईव्ह घेऊन जावंच लागतं. मी म्हणले, मी जाते स्कुटीवर, मला काय झालंय.

तिनं मला दोनदा करून दाखिवलं. म्हणली, "मुकादम काय म्हणतो ते वाचा. नाही म्हणाला तर तिथंच थांबा, चढावर येऊन मला फोन करा."

"व्हय गं बाई. पोर न्हाई मी."

२० जानेवारी, सोमवार

अल्लाउद्दीनकडं जाऊन आले. कान्हे फाट्यावरून टाकव्याकडं वळलं का हवाच बदलती. त्याची ही पहिलीच लागण. बाप भात लावायचा, ह्यानं गुलाब लावला. झाडं काय झालीत! जैनब, त्याची बायको, एकेक दांडी दाखवत हिंडवत व्हती, लेकराचे दात दाखवल्यागत. व्हॅलेंटाईनचा त्यांचा पहिला माल. म्हणली, "मावशी, औंदा ह्याच्यावरच समदं हाय."

लॅपटॉप लावला, मुकादमाला सांगितलं धुक्याचं नवं घाल. म्हणला, जागा कमी हाय. मी म्हणले, मंग जुनं मीटर काढ. म्हणला, "काढता येणार नाही. खताचं पाकीट यावर अवलंबून आहे." पुन्यांदा सांगितलं. पुन्यांदा तेच. माणूस असता तर चार शब्द सुनवले असते.

ऊन डोक्यावर आलतं. घरी तोड पडली व्हती, बाया माझ्याबिगर नुसत्या बोलत बसतात. चढावर जायचं, फोन लावायचा, ती वर्गात असायची. मी सरळ फायलींची खिडकी उघडली, पायल उघडती तशी, आन जुन्या मीटरचं पाकीट हातानं काढून टाकलं. दांडीला बाजूनं बारकी कळी आली का आमी नखानं खुडतो, मंग मधली कळी दणकट हुती. तेच केलं. मुकादमाला पत्ताबी न्हाई. नवं पाकीट निमूट गेलं आत. वरनं धुकं सुटलं तसं जैनबनं टाळ्या वाजवल्या. अल्लाउद्दीन म्हणला, "वैनी, तुमी तर इंजिनेर झाला की!"

पायलला फोनवर सांगितलं, झालं काम. तिनं इचारलं, "मुकादम काही म्हणाला का?"

म्हणले, न्हाई.

२४ जानेवारी, शुक्रवार

परदेशी जाणारी तोड सुरू झाली. पहाटेपासून उभीच हाय. अल्लाउद्दीनचा चढावरून फोन. "वैनी, पानांच्या कडा करपल्यावानी दिसत्यात. डबा म्हणतोय खत शून्य हाय. त्यो सोडतोय, तरीबी शून्यच दावतोय. मी हातानं वरून देऊ का जरा?"

हितं गाडी येऊन उभी व्हती. मी म्हणले, "डबा म्हणतोय तर दे की. इचारतोस काय."

फोन ठिवला आन मंग शंका आली. शून्य कसं दावील? सोडतोय तर शून्य कसं? पण गाडी भरायची व्हती.

आता लिवताना सारखं तेच डोक्यात. त्याला परत फोन लागत न्हाई. उद्या जाईन.

२६ जानेवारी, रविवार

काल जायला जमलं न्हाई. न्हाई, जमलं असतं. गेले न्हाई.

आज गेले, खत मोजायचं हातातलं मीटर घेऊन. बेडखालून निचऱ्याचं पाणी धरलं, मीटर बुडवलं. खत शून्य कुटलं, तिपटीवर गेलेलं. पानांच्या कडा तपकिरी. लाल कोवळे फुटवे मान टाकून. कळ्यांची टोकं काळी. डबा आपला खत शून्य म्हणून वतायलाच लागला व्हता, आन वरून माझ्या सांगण्यानं अल्लाउद्दीनचा हात.

मी म्हणले, "डब्याचं खत बंद कर. निस्तं साधं पाणी सोड. वाहू दे."

जैनब तोंडाला पदर लावून उभी. अल्लाउद्दीन म्हणला, "कशानं झालं वो वैनी?"

जिभेवर आलतं. खरंच आलतं. पण बाहेर काय पडलं, तर "डब्याचं काय खरं असतंय का."

येताना स्कुटी दोनदा बंद पडली. मला वाटलं, पडावी हितंच.

२८ जानेवारी, मंगळवार

पायल काल आली. आज सकाळीच अल्लाउद्दीनकडं जाऊन आली. तोंड पांढरं पडलं व्हतं. मी चुलीपाशीच व्हते. म्हणली, "आई, मुकादमाच्या हिशोबानं जुनं मीटर डब्यात आहे. आणि जागेवर बघितलं तर नाही." "तुम्ही गेला होता तेव्हा तो काही म्हणाला होता का? आठवून बघा."

"न्हाई," म्हणले मी. भाकरी करपली.

ती माझ्याकडं बघत व्हती. मंग म्हणली, "मग साफसफाईत गेलं असणार. नको असलेली पाकिटं तो आपोआप काढतो, तिथंच माझं काहीतरी चुकलंय. आणि दुसरं, मीटर गप्प बसलं तर खतवाल्यानं शून्य धरायला नको होतं. बंद व्हायला हवं होतं. ते तर माझंच."

म्हंजी तिचीबी थोडी चूक हाय. हे ऐकून मला बरं वाटलं. बरं वाटलं, हे लिवताना लाज वाटती, पण वाटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

अल्लाउद्दीननं समदी तोड खड्ड्यात टाकली. व्यापारी बघूनच मागं फिरला. जैनबनं सांगितलं, कात्री त्यानं दुसऱ्या कुणाला धरू दिली न्हाई.

गटात गवगवा. निलेशचा फोन आलता पायलला. ती नुसती "हो, बरोबर आहे, माझी जबाबदारी" एवढंच म्हणत व्हती. समर्थ चिडला, "तूच एकटी कशाला वाकतेस सगळ्यांपुढं?" ती म्हणली, "मुकादम मी केलाय."

मी गोठ्यात जाऊन उभी ऱ्हायले. गोठ्यात आता जनावर न्हाई, निस्ती खताची पोती. तरी उभी ऱ्हायले.

२ फेब्रुवारी, रविवार

पायल जेवत न्हाई धड. बैठकीत दोन लॅपटॉप मांडलेत. त्याच्यात खोटे डबे केलेत, अल्लाउद्दीनच्या डब्यासारखे. मुकादमाला साफसफाई करायला सांगायचं, बघायचं, पुसायचं, परत मांडायचं. जुनं मीटर काय जात न्हाई. जाईल कसं?

"एकदाही होत नाही, आई. किती प्रकारे करून बघितलं. जागा कमी करून बघितली, मध्येच लाईट घालवून बघितली. मग तिथंच का झालं? मला दिसतच नाही माझी चूक."

मी चहा ठिवला तिच्यापुढं. म्हणले, "डोळ्यांला विसावा दे जरा." असं म्हणले मी. तिच्या चुलीतली आग मीच इझवलेली आन मीच तिला फुंकणी दिती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. शेजारी अनिताकडं हळदीकुंकू, नवरा गेलेल्या बायांनाबी ती बोलावती. तिनं समद्यांदेखत इचारलं, "येसूआत्या, सुनेनं म्हणं त्या अल्लाउद्दीनची बाग जाळली?"

मी म्हणले, "तिळगूळ दे आदी."

बाया हासल्या. घरी येऊन वाण तसंच पिशवीत ठिवलं. काढू वाटंना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पायल जुन्या कंपनीतल्या साहेबाशी फोनवर बोलत व्हती. मी भितीआड. "हो सर, परत यायचा विचार आहे. नाही, ते शेतीचं बंद केलं. मला जमलं नाही." जमलं न्हाई म्हणली. ही पोर! जिनं रानातल्या डब्यांना एका मुकादमाच्या हाताखाली आणलं.

रविवारी आमच्याच शेडात गटाची बैठक हाय. तितं ती सांगणार, मुकादम काढून घेते, निलेशनं कंपनीचे तयार डबे आणावेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सांगायचंच म्हणून गेले. ती दोरीवरचे कपडे काढत व्हती. म्हणले, "पायल, त्या दिशी अल्लाउद्दीनकडं..."

ती वळली. हातात समर्थचा शर्ट तसाच. म्हणली, "बोला."

मी दोरीवरचे चिमटे काढाय लागले.

मंग तीच म्हणली, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. साधं पाणी सोडायला तुम्ही सांगितलंत म्हणून झाडं तरी वाचली. जैनबभाभी सगळ्यांना सांगतात तसं."

मी म्हणले, "व्हय." आन तिच्या हातातले कपडे घेऊन आत आले. घड्या घातल्या. चांगल्या घातल्या.

माझ्या जिवाला काय झालंय? पंचायतीत सरपंचाला तोंडावर बोलले मी. नवरा गेला तवा दिराला वाटणीचं खडसावून सांगितलं. आन ह्या एवढ्याशा पोरीपुढं जीभ उचलत न्हाई.

९ फेब्रुवारी, रविवार

आज झालं ते नीट लिवते, जसंच्या तसं.

बैठकीला समदे आलते. अल्लाउद्दीन दाराशी बसला, आत ये म्हणलं तरी आला न्हाई. पायल उठली, कागद काढला. मी म्हणले, "थांब. आधी मी बोलते. अल्लाउद्दीनच्या डब्यातलं जुनं मीटर मी काढलं. मुकादम नको म्हणत व्हता. मी त्याला न इचारता हातानं काढलं. पोरीची चूक न्हाई."

मंग निलेश हासला. म्हणला, "काकू, तुमचं मन मोठं हाय. पण असं पांघरूण घालू नका."

कुणीतरी मागून म्हणलं, "अशी सासू आमच्या पोरींना मिळू दे रे बाबा!" आन चक्क टाळ्या. माझ्यासाठी टाळ्या! मला वाटलं जमीन फाटावी. एक म्हातारा म्हणला, "येसूबाईला टीव्हीचा रिमोट कळंना, फायल कुटली काढती ती!" समदे हासले. मीच तर सालभर सांगत फिरलेले, मला ह्यातलं काय कळत न्हाई म्हणून.

पायल हासली न्हाई. ती माझ्याकडं बघत व्हती, आन मी तिच्याकडं बघू शकले न्हाई.

मी उठले. आमचा डबा शेडाच्या भितीवरच हाय. लॅपटॉप लावला. म्हणले, "निलेश, हितं ये. ह्यो काय म्हणतो ते मोठ्यानं वाच." मुकादमाला सांगितलं, जुनं मीटर काढ. निलेशनं वाचलं, "काढता येणार नाही. खताचं पाकीट यावर अवलंबून आहे." पुन्यांदा सांगितलं. पुन्यांदा वाचलं. मंग मी फायलींची खिडकी उघडली, आन काढून टाकलं. माझ्याच डब्यातलं, माझ्या उभ्या झाडांचं.

"आता बघा," म्हणले.

कोण हासंना. पडद्यावर खताचा आकडा व्हता, त्यो गेला आन शून्य आलं. जरा येळानं भितीपलीकडं खताचा पंप सुरू झाला. टक टक टक. त्यो थांबायला तयार न्हाई. शेडात तेवढाच आवाज. पायल उठली, बाहेर जाऊन खताचा कॉक बंद करून आली आन परत जागेवर बसली.

अल्लाउद्दीन दारातून म्हणला, "वैनी, मी तुमाला फोन केलता. तुमी म्हणालता, दे."

"व्हय."

"तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"शंका आलती. फोन ठिवल्यावर."

"त्याच सांच्याला आला असता, पाणी सोडलं असतं, तरी निम्मा माल हाती लागला असता माझा." लय हळू बोलला. टोपी नीट केली आन गाडीकडं गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या.

निलेशनं इचारलं, "मंग मुकादमाचं काय करायचं?" पायल म्हणली, "ते मी उद्या सांगते," आन तिचा कागद फाडून खिशात ठिवला.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ती माझ्या समोर येऊन बसली. मला वाटलं भांडंल. भांडली न्हाई.

"आई, झाडं गेली ते मी समजू शकते. घाई झाली, जागा नव्हती. पण मी इथं बसून नसलेली चूक शोधत होते. मला वाटत होतं आपल्याला साधं दिसत पण नाही, इतके आपण मूर्ख आहोत का. ते उत्तर तुमच्याकडं होतं. आणि तुम्ही मला चहा देत होतात."

मी चुलीत लाकूड सारलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणली. उठली. चहा तिनं आज स्वतःच केला, स्वतःपुरता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

व्हॅलेंटाईन सरला. आमचा माल चांगला गेला. ह्या वर्षी आकडा लिवत न्हाई.

पायल बोलती, कामापुरतं. कंपनीच्या साहेबाला तिनं अजून हो-न्हाई काय कळवलं न्हाई, समर्थ म्हणला. पण निलेशला म्हणली, मुकादम नीट करून देते, आन लॅपटॉप परत उघडलाय. खताचं पाकीट बदललं. मीटर गप झालं तर आता खत बंद हुतं आन भोंगा वाजतो. मुकादमालाबी नवं शिकवलं. रोज सकाळी निस्ता हिशोब बघायचा न्हाई, जागेवर जाऊन बघायचं, पाकीट खरंच हाय का, कुणी हातानं हलवलंय का. समर्थनं इचारलं, "हे कशाला एवढं?" ती म्हणली, "माणसं असतात म्हणून."

मी ऐकलं. ऐकण्यासारखंच व्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन-तीन दिस अल्लाउद्दीनकडं जातीये. त्यानं करपलेलं समदं छाटलंय, आता नवे फुटवे येत्यात. बारके वाकवायचे, जाड धरायचे. बोलवलं न्हाई कुणी. गेले आन बेडात उतरले. पहिल्या दिशी जैनबनं नुसतं पाणी दिलं. काल म्हणली, "मावशी, त्या टोकाचं ऱ्हायलंय." अल्लाउद्दीन बोलत न्हाई. माझ्या शेजारच्या बेडात असला तरी फांदी वाकवतो आन पुढं सरकतो. माफी मागितली, त्यानं मान हलवली, पण तेवढ्यानं कळ्या येत न्हाईत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज पायल म्हणली, "अल्लाउद्दीनभाईंच्या डब्यात नवा मुकादम घालायचाय. चला."

"मी कशाला? तू जा."

"चला म्हटलं ना."

स्कुटीवर मागं बसली. चढावर तिनं खांद्याला हात लावून थांबायला लावलं, फोन काढला, रेंज हाय का बघितली, मंग म्हणली, "हं, चला." मला वाटलं काही सांगंल. न्हाई सांगितलं.

अल्लाउद्दीन डब्यापाशी व्हता. माझ्याकडं न बघता म्हणला, "परत डबा? मी हातानं देतोय की खत."

पायल म्हणली, "भाई, तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही परत जातो. पण आधी ऐकून घ्या, तो काय करतो ते. एकेक गोष्ट." आन लॅपटॉप उघडून माझ्या मांडीवर ठिवला. "आई, वाचा. मोठ्यानं. काही गाळायचं नाही."

माझा चष्मा सारखा खाली घसरत व्हता. मी वाचलं. "घड्याळ जागेवर आहे. जुनं मीटर जागेवर नाही. कोणीतरी हाताने काढले आहे." हे वाक्य मला लय जड गेलं. थांबले. पायल म्हणली, "पुढं." मी वाचलं, "खताचं नवं पाकीट नव्या मीटरवर चालेल. जुन्या मीटरची गरज उरणार नाही. मीटर बंद पडल्यास खत बंद होईल." समदं वाचलं. एरवी मी निम्म्यातच बटण दाबलं असतं.

शेवटाला मुकादमानं इचारलं, "पुढे जाऊ का?"

मी पायलकडं बघितलं. ती अल्लाउद्दीनकडं बघत व्हती. अल्लाउद्दीन जरा येळ फुटव्यांकडं बघत ऱ्हायला. मंग म्हणला, "थांबा. जैनबला इचारतो. झाडं तिचीबी हायत."

त्यो पार शेवटच्या बेडाकडं गेला. जैनब तितं वाकून काम करत व्हती. दोघं उभ्या-उभ्या बोलाय लागली. काय बोलत्यात ते ऐकू येईना. ऊन चढत व्हतं. पडद्यावर त्यो प्रश्न तसाच.

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.